काकांचा अँप, रुई भरलेले डब्बे आणि पन्नाशीतलं रॉक

आधी निकाल सांगून टाकतो. गाणी ऐकायला बनवून घेतलेला अँप, म्हणजे अँप्लिफायर, आणि स्पीकरचे दोन डब्बे मिळून साडेदहा हजार रुपये गेले आणि त्याचं जराही वाईट वाटत नाही. मात्र ज्याला शेजारच्या घरातली भांडी हलवायची आहेत त्यानं हा माल घेऊ नये. त्याच्यासाठी याच दुकानात दुसरा माल तयार असतो. तो स्वस्त पडतो आणि खपतोही जास्त.

दुकान आमच्या तालुक्याच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या भागात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. नाव लिहीत नाही, कारण बोर्डावरचं नाव उन्हानं कधीच उडालं. खालची ‘रेडिओ, टेप, टी.व्ही.’ एवढी ओळ तेवढी शाबूत आहे. अँपवाले काका कुठं बसतात म्हणून कोणालाही विचारा, तो हातातलं काम सोडून रस्ता दाखवेल. आत एक टेबल, त्यावर सोल्डरिंगचे डाग, भिंतीला डीजेवाल्यांचे जळून आलेले बेसचे स्पीकर, भजनी मंडळांचे अँप, बँडवाल्यांचे भोंगे. काका साठीच्या पुढचे. वॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेला माणूस. स्वतः भजनात खंजिरी वाजवतात.

मी जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, फिटर आहे. दिवाळीपासून उन्हाळा लागेस्तोवर डबल रोलर जिनांच्या रांगेत उभं राहायचं, पट्टे बदलायचे, रोलर घासायचे. आवाज म्हणजे काय हे मला सांगायला नको. आणि मी रॉक ऐकतो. नव्वदच्या दशकात यवतमाळला आयटीआयला होतो, तेव्हा खोलीतल्या एका पोरानं नागपूरच्या सीताबर्डीवरून मेटालिका या अमेरिकन बँडची कॅसेट आणली, 1991 सालची, काळ्या कव्हरची. ती टू-इन-वनवर वाजवायची. त्या टू-इन-वनवर हजाराच्या वर वॅट छापलेले होते, पुढं बारीक अक्षरात पीएमपीओ. त्या आकड्याला काही अर्थ नसतो हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? लाउडनेसचं बटण दाबायचं, बेस म्हणजे खालचा आवाज आणि ट्रेबल म्हणजे वरचा, दोन्ही फुल, आणि दार उघडं ठेवायचं, म्हणजे अख्ख्या होस्टेलला कळावं. चांगला बँड कोणता याचं आमचं माप सोपं होतं. जो जास्त जोरात आणि जास्त वेगात वाजवेल तो.

आता माप बदललं. जिनिंगमधून घरी आल्यावर आणखी कल्ला नको वाटतो, पण रॉकही सोडवत नाही. आमचे मोठे भाऊ म्हणतात, ‘‘पन्नाशी आली, आता तरी काही शहाण्या माणसाचं ऐक.’’ म्हणजे नाट्यसंगीत किंवा अभंग. मी तेही ऐकतो. पण वय झालं म्हणून गाण्याचा पक्ष बदलायचा, हे मला पटत नाही. तीच गाणी आता वेगळी ऐकू येतात, आणि ती तशी ऐकू यायला घरातला अँप कामाचा नव्हता. बाजारात मिळणारा जो उठला तो बेस वाढवलेला. म्हणून काकांकडे गेलो.

ऑर्डर देतानाचं बोलणं असं झालं.

‘‘काका, बेस वाढवलेला नको.’’

‘‘मंग कमी करू?’’

‘‘कमी बी नको. रेकॉर्डिंगमध्ये जेवढा हाये तेवढाच येऊ द्या.’’

काका जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. ‘‘लोकं वाढवून मागून राहिले आन् तुमचं भलतंच. मंग टोनचं बोर्डच काढून टाकतो. खर्च वाचला तुमचा.’’

आणि खरंच काढलं. माझ्या अँपला बेस-ट्रेबलचे खटके नाहीत. एक व्हॉल्यूम, एक पॉवरचं बटण, मागं वायर लावायला आरसीएच्या दोन खाचा, संपलं. ब्लूटूथचं मॉड्यूल मी नको म्हटलं, कारण चालू केल्याबरोबर त्यातली बाई जी ओरडून सांगते की आपण पेअर व्हायला तयार आहोत, ती मला सहन होत नाही. फोनवर गाणी आधी उतरवून घेतो आणि वायर लावतो. गावात रेंज यायची तेव्हा येते.

आतला माल चांगला आहे. आवाज वाढवणाऱ्या चिपा, म्हणजे दोन टीडीए 7294 आयसी, एकेका बाजूला एक. ट्रान्सफॉर्मर 24-0-24 व्होल्टचा, पाच अँपिअरचा, कॉपर वायंडिंगचा. आयसीच्या बाबतीत काका कडक. डुप्लिकेट आयसी त्यांनी पक्कडीनं फोडून दाखवली, आत चिप नावाला होती. ट्रान्सफॉर्मर जाड घेतल्याचा फायदा रब्बीत कळतो. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरचा व्होल्टेज 170 वर येतो. 230 ला आतून अधिक-उणे 34 व्होल्ट निघतात, ते 170 ला 25 च्या आसपास राहतात. अँप फाटत नाही, फक्त जोर कमी होतो. आधीचा अँप अशा वेळी खरखरायचा.

डब्बे साधे आहेत. खालच्या आवाजाला साडेसहा इंची वूफर, वर बारीक आवाजाला छोटा डोम ट्वीटर, मध्ये दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर, 18 मिमी प्लाय. पण आत काय भरायचं यावर आमची मजेशीर चर्चा झाली. डब्ब्याच्या आत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि वूफरला त्रास देतो, म्हणून त्यात काहीतरी मऊ भरावं लागतं. काका जुन्या गादीचा फोम कोंबतात. मी म्हटलं, मी जिनिंगमध्ये असतो, मी रुई आणतो. स्वच्छ, सरकी निघालेली, कचरा नसलेली. पहिल्यांदा जास्त भरली तर आवाज मेला. काकांनी मूठमूठ काढत, मध्येमध्ये वाजवून पाहत, बरोबर माप आणलं. आता मागचं झाकण उघडलं की पांढरी रुई सैल पसरलेली दिसते, वूफरच्या मागं मोकळी जागा ठेवून. पावसाळ्यात ती दमट होऊन खाली बसते, तेव्हा श्रावणातलं ऊन दाखवून पुन्हा पिंजावी लागते. एवढी खटपट ज्याला नको त्यानं फोम घ्यावा.

या रुईचा आणि आत वाजणाऱ्या गाण्यांचा संबंध मी उगाच जोडत नाही. रॉकचं मूळ ब्लूज या काळ्या लोकांच्या गाण्यात, आणि ब्लूजचा मोठा भाग अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टाच्या कापूस पट्ट्यातला. मडी वॉटर्स हा ब्लूजवाला कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. 1941 मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स लोकगीतं गोळा करत, रेकॉर्डिंगचं मशिन घेऊन त्याच्या घरी पोचला. पुढं तो शिकागोला गेला, गिटारला वीज जोडली, आणि रोलिंग स्टोन्सनं आपलं नाव त्याच्याच एका गाण्यावरून घेतलं. त्याच अमेरिकेत 1861 ते 65 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आमच्या वऱ्हाडच्या कापसाकडं वळली. हे वाचल्यापासून मडी वॉटर्स मला परका वाटत नाही. विशीत मात्र मी हे संगीत पळवून टाकायचो. एकच माणूस, एक गिटार, वेग नाही, काय ऐकायचं?

आता खरी परीक्षा. डिलिव्हरीच्या दिवशी काकांनी आधी त्यांची कॅसेट लावली, राष्ट्रसंतांचं खंजिरी भजन. आमच्याकडं तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत मोठा झालेला माणूस कातड्याची थाप आणि कडेच्या झांजा वेगवेगळ्या ओळखतो. काकांनी व्हॉल्यूम अगदी बारीक केला आणि डोळे मिटून ऐकलं. ‘‘मोठ्यानं सगळेच अँप चांगले वाजतेत,’’ म्हणाले, ‘‘बारीक वाजवला तरी थाप आन् झांज अलग यायला पाह्यजे.’’ आल्या. मग म्हणाले, ‘‘लावा आता तुमचं इंग्लिश.’’

मी मेटालिकाचा 1988 चा अल्बम लावला. अर्धा मिनिट झाला नाही तोच काकांनी अँप बंद केला आणि डब्बा उलटा करून वूफरची वायर तपासायला लागले. वायर ठीक होती. त्या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, ही जगजाहीर गोष्ट. 1986 मध्ये त्यांचा बेस गिटारवाला क्लिफ बर्टन बस अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा बेस मिक्समध्ये पार दाबला गेला. हे मी वाचलं होतं, पण होस्टेलच्या टू-इन-वनवर हा दोष कधी जाणवला नव्हता, कारण ते यंत्र स्वतःच्या मनानं गुबगुब घालायचं. काकांनी बँडचं नावही ऐकलेलं नाही, तरी त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं की इथं काहीतरी गायब आहे.

दुसरं ब्लॅक सॅबथ, 1971 चा तिसरा अल्बम. काका थोडं ऐकून म्हणाले, ‘‘याची तार ढिल्ली हाये.’’

बरोबर! सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशिनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली, ज्याची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी जो वाजवायचा. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, बारीक तारा घेतल्या, आणि या अल्बमपासून तारा उतरवून सैल लावायला लागला, म्हणजे बोटांवर ताण कमी. त्यातून तो जड, खालच्या पट्टीतला आवाज निघाला ज्यावर पुढं सगळं हेवी मेटल उभं राहिलं. जिनिंगमध्ये बोट गेलेला माणूस मला नवीन नाही. त्यातल्या एकानं तंबाखू मळायची नवी पद्धत काढलेली मी रोज पाहतो. विशीत मला सॅबथ म्हणजे भुताखेतांची गाणी वाटायची, कव्हरही तसंच. आता त्या गिटारीत मला कामगाराचा हात ऐकू येतो, आणि हा अँप तो हात झाकत नाही. तार सैल आहे हे खंजिरीवाल्या म्हाताऱ्याला कळावं, यापरीस मोठं सर्टिफिकेट मला द्यायचं नाही.

घरी आणल्यावर जे ऐकलं त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो ड्रमवर. लेड झेपेलिनच्या 1971 च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं घ्या. मुळात ते 1929 चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या ब्लूजवाल्या जोडीचं, 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. झेपेलिननं ते हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत रेकॉर्ड केलं. जॉन बॉनमचा ड्रम खाली जिन्याच्या पायथ्याशी मांडला आणि माइक वर जिन्यात टांगले. डीजेवाल्या बेसवर हे गाणं लावा, नुसतं धाड-धाड होतं. या डब्ब्यांवर ठोका पडतो, मग तो वर चढतो, मग भिंतीवरून परत येतो, आणि तेवढ्या वेळात बॉनम पुढचा ठोका मारत नाही. वाट पाहतो. जिन्याची उंची कळते, राजेहो! वेगाचं वेड होतं तेव्हा हे गाणं मला रटाळ वाटायचं आणि मी पुढं ढकलायचो.

असंच रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचं. त्याचा उजवा हात हाय-हॅट या झांजांच्या जोडीवर चालू असतो, पण डाव्या हाताची काडी स्नेअर या छोट्या ड्रमवर पडते त्या क्षणी तो उजवा हात उचलून घेतो. दोन्ही एकदम वाजत नाहीत. त्यामुळं स्नेअरला मोकळी जागा मिळते. हे बारीक आवाजातसुद्धा कळतं या अँपवर. आणि एसी/डीसी. पोरवयात शाळेच्या गणवेशात उड्या मारणारा अँगस यंग सोडून दुसरा कोणी त्या बँडमध्ये आहे हेच दिसायचं नाही. त्याचा थोरला भाऊ माल्कम मागं उभा राहून फक्त ताल धरायचा, 2017 मध्ये वारला. दोन भावांच्या गिटारी दोन डब्ब्यांतून वेगळ्या येतात तेव्हा मी आता माल्कमच्या बाजूच्या डब्ब्याजवळ खुर्ची ओढतो. तो तार कधी सोडतो आणि कधी दाबून आवाज तोडतो, त्यावर अख्खं गाणं चालतं.

दुसरी बाजूही सांगतो. काही जुनी प्रेमं या अँपनं मोडली. ऐंशीच्या दशकातले केस फुगवलेले बँड, ज्यांची पोस्टरं खोलीत होती, त्यांचे ड्रम आता पत्र्याच्या डब्ब्यात वाजवल्यागत वाटतात. मेटालिकाचा 2008 चा अल्बम तर ऐकवत नाही. गाणी वाईट नाहीत, पण आवाज असा चेपून भरलाय की प्रेसमधून निघालेली 170 किलोची गाठ वाटते, सुई घालायला जागा नाही. त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त मोकळी निघाली, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी ओरड केली होती. कंपनीच्या भडक अँपवर असले दोष खपून जातात. ज्याला आपली जुनी आवड जशीच्या तशी सांभाळून ठेवायची आहे, त्यानं काकांकडं जाण्याआधी विचार करावा.

एक शंका माझी मलाच आहे. वयानं वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि मशिनच्या गोंगाटात राहणाऱ्याच्या कानाला 4000 हर्ट्झच्या आसपास खाच पडते. वेगवान, चिरका गिटार सोलो मला आता आवडेनासा झाला, तो माझी जाण वाढली म्हणून की तेवढं ऐकू येईनासं झालं म्हणून? हिशेब लागत नाही. घरचे म्हणतात कान तपासा. सीझन संपला की तपासतो. तोवर कानात कापूस घालून कामाला जातो, त्याला तिथं तोटा नाही. मालकानं कानावर घालायचे मफ आणून द्यायचं कबूल केलंय.

आता तक्रारी. काकांचं ‘उद्या या’ हे खरंच उद्या नसतं. फोन उचलत नाहीत. बिल मिळत नाही, गॅरंटी तोंडी. मी नको म्हटलं असतानाही पुढच्या पट्टीवर निळे लाइट लावले होते, गाण्यावर नाचणारे. विचारलं तर म्हणे, ‘‘आता बसवलेच हायेत तर राहू द्या, शोभा येते.’’ तिथंच उभं राहून काढून घेतले. त्या जागी दोन भोकं राहिली आहेत. पॉवरचं बटण दाबलं की स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. स्पीकर उशिरा जोडणारा रिले बसवला तर तो जाईल, पण त्याचे वेगळे पैसे. साध्या इन्व्हर्टरवर अँप भणभणतो. तो दोष त्या इन्व्हर्टरच्या चौकोनी वेव्हचा, काकांचा नाही, तरी लोडशेडिंगच्या गावात घेणाऱ्याला माहीत असलेला बरा. आणि अँपच्या पेटीच्या वरच्या फटी मोठ्या आहेत. आमच्या भागात पाल गरम जागा शोधत आत शिरते, सर्किटवर चिकटते, मग पालही जाते आणि आयसीही. मी बारीक जाळी लावून घेतली. तुम्ही ऑर्डर देतानाच सांगा.

रंगकामाला दहापैकी चार. आवाजाला नऊ. एक गुण त्या ‘धप्प’चा कापला.

जायचं असेल तर वेळ पाहून जा. लग्नसराईत, 14 एप्रिलच्या आधी, गणपती आणि नवरात्राच्या तोंडावर काका डीजेवाल्यांच्या गराड्यात असतात, तेव्हा तुमचा अँप कोपऱ्यात पडून राहील. पितृपक्षात दुकान रिकामं असतं. ट्रान्सफॉर्मर कॉपरचाच मागा, पैसे निम्मे आधी निम्मे नंतर द्या, आणि लाइट नको हे दोनदा सांगा.